धनुष्याचं लाकूड नेमकं कुठल्या बाजूने शेकायचं?
फक्त पोटाकडून शेका, म्हणजे ओढताना आपल्याकडे असते ती बाजू, तिथलं लाकूड दाबलं जातं आणि शेकल्याने ते अजून कडक होतं. पाठीवर, म्हणजे पलीकडच्या बाजूवर, ताण येतो, तिला आच लागू देऊ नका, ठिसूळ होऊन तुटते. मी हीटगनने (गरम हवा फेकणारं यंत्र) करतो, चार-पाच इंच लांबून, अगदी सावकाश, बदामी रंग येईपर्यंत, काळं पडलं म्हणजे जास्त झालं. लाकूड आधी पूर्ण वाळलेलं हवं हां, ओलं असेल तर तडकतं. आणि शेकल्यावर लगेच ओढू नका प्लीज!! काही दिवस तसंच ठेवा, हवेतली ओल परत शोषू दे, आमच्या इंदूरला मे महिन्यात हवा इतकी कोरडी की मी तर आठवडाभर थांबतो.