भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीचे गुडघे आणि मांड्या दुखतात. फिजिओथेरपी करावी की काही महिने नाच बंद ठेवावा?

तुमची मुलगी १५ वर्षांची आहे आणि तिच्या गुरू म्हणतात, 'अरैमंडी नीट बसायला लागली की दुखणं आपोआप जाईल.' अरैमंडी म्हणजे पावलं आणि गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायची भरतनाट्यमची मूळ बैठक. गुरूंचं हे वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. शब्दही फारसा न बदलता हेच मी सतराव्या वर्षी ऐकलं आहे.

उत्तर आधी देते. फिजिओथेरपी करा. नाच कमी करा, पण पूर्ण बंद करू नका.

२००४ सालची गोष्ट. आम्ही डोंबिवलीत राहायचो. डिसेंबरात माझं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचं पहिलं एकल नृत्य, ठरलं होतं, त्यामुळे गणपती झाल्यापासून रोज तीन तास सराव आणि त्यातला निम्मा वेळ वर्णम, म्हणजे कार्यक्रमातली सगळ्यात लांब आणि दमवणारी रचना. क्लास सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये भरायचा, खाली काँक्रीट आणि वर फरशी. उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या मागे दुखायला लागलं. नाचताना कळायचं नाही, नंतर स्टेशनचा पूल उतरताना कळायचं. चढताना निभायचं, उतरताना कठडा धरावा लागायचा. कॉलेजात लागोपाठ दोन तास बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडत. पुढे मांडीही धरली, पुढून थेट खुब्यापर्यंत.

ताई, म्हणजे माझ्या गुरू, म्हणाल्या, 'तू वर राहतेस म्हणून दुखतं. खाली बस. पावलं पूर्ण उघड.' पूर्ण म्हणजे १८० अंश, एका रेषेत. मी उघडली. आम्ही सगळ्याच जणी उघडायचो आणि तेही एकाच युक्तीने: आधी गुडघे वाकवायचे, पावलं फरशीवर रोवून बाहेर वळवायची आणि मग गुडघे जमतील तेवढे मागे ढकलायचे. समोरून बघणाऱ्याला कोन सुंदर दिसतो.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे नॉर्मल म्हणून सहा आठवडे विश्रांती सांगितली. सहा आठवड्यांत दुखणं गेलं आणि परत उभी राहिले त्याच्या तिसऱ्या दिवशी जसंच्या तसं आलं. मग एका ठिकाणी पंधरा दिवस मशीन लावून पडून राहिले. तेवढ्यापुरता आराम पडायचा.

त्यानंतर ज्या फिजिओथेरपिस्ट भेटल्या त्यांनी मला हाफपँट घालून समोर तट्टडवू, म्हणजे अरैमंडीत पाय आपटण्याचे पहिले धडे, करायला लावले, संथ, मध्यम आणि जलद अशा तिन्ही काळांत. तोवर एकानेही मला नाचताना पाहिलं नव्हतं! मग पालथं झोपवून, गुडघा काटकोनात वाकवून, खुबा बाहेरच्या बाजूला किती फिरतो ते मोजलं. उजवा ३८ अंश, डावा ५०. दोन्ही मिळून ८८. त्यांनी विचारलं, 'मग १८० कुठून आणतेस?'

उरलेलं मी गुडघ्याखालून चोरत होते. सरळ गुडघा पिळता येत नाही, वाकलेला थोडा पिळतो, म्हणून अरैमंडीत ही चोरी जमते. नडगी बाहेर वळते, तळपायाची कमान पडते, गुडघा आत झुकतो आणि वाटी आपल्या खोबणीत सरळ सरकत नाही. त्यावर ताशी शेकडो वेळा पाय आपटायचा. खुबा बाहेर वळवून धरणारे कुल्ल्याचे स्नायू माझे इतके कच्चे होते की कुशीवर झोपून पाय दहा वेळा उचलला की थरथरायचा. त्यांचं काम मांडीचा पुढचा स्नायू करत होता, म्हणून मांडी दुखत होती.

व्यायाम अगदी साधे होते. कुशीवर पाय उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, भिंतीला पाठ टेकून अर्धं बसून राहणं आणि आरशासमोर सहा इंचांच्या पाटावरून एका पायाने सावकाश उतरणं, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून. नाचही चालू होता, पण पहिल्या आठवड्यात अरैमंडी दिवसाला एकूण पाच मिनिटं, बसायचं नेहमीच्या निम्मंच खाली, पावलं खुबा देईल तेवढीच उघडी. मुऴुमंडी, म्हणजे पूर्ण खाली बसणं, आणि उड्या सगळ्यात शेवटी. चार महिने लागले. अरंगेत्रम पुढच्या वर्षी झालं. ताईंना माझा कोन पटला नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

त्यांचं म्हणणं आजही तेच आहे: 'आमच्या वेळी कुणाचे गुडघे दुखत नव्हते.' ताई, ज्यांचे दुखले त्या क्लास सोडून गेल्या. माझ्या बॅचमध्ये आठ जणी होत्या, अरंगेत्रमपर्यंत तिघी पोचलो. गेलेल्या पाचांपैकी दोघींना गुडघ्याने घालवलं आणि त्यांना 'मेहनत नको होती' असं म्हटलं गेलं. खुब्याची हाडं जन्माने आणि वाढीने ठरतात, सरावाने स्नायू बळकट होतात, हाड वळत नाही. चेन्नईची कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था १९३६ साली सुरू झाली, त्या परंपरेतली रेखीव अरैमंडी मलाही प्राणप्रिय आहे. पण ती रेषा पाठीत, खांद्यात आणि खुब्यात दिसली पाहिजे. मी आता शिकवते आणि माझ्या वर्गात पावलांचा कोन प्रत्येकीचा वेगळा आहे.

किती दिवस लागतील ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. सहा आठवड्यांत फरक जाणवायला हवा. पट्टीने किंवा टेपने आराम पडला तर वापरा, पण व्यायाम सोडून नको. फिजिओने तिला नाचायला लावलं नाही, तर दुसरे शोधा.

एक गोष्ट आधी लिहायला हवी होती. गुडघा सुजत असेल, अडकत असेल, पाय निसटत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. वाटीच्या खाली हाडाला दुखरा उंचवटा आला असेल तर तो वाढीच्या वयातला वेगळा त्रास असू शकतो. आणि ती लंगडत असेल तर त्याच दिवशी नाच थांबवून खुबाही तपासून घ्या. या वयात खुब्याचा आजार पुष्कळदा मांडीत आणि गुडघ्यातच दुखतो.