कलिंगडाचे वेल जोरात वाढतात, पण फळ फिकं निघतं. बी लावण्यापासून तोडणीपर्यंत नक्की काय करावं?

तुमचा प्रश्न वाचला. बी छान उगवतं, वेल वाफाभर पसरतात, पण सुरुवातीची बरीच फुलं गळून जातात आणि जी एक-दोन फळं हाती लागतात ती आतून फिकट, पाणचट निघतात, असं तुम्ही लिहिलंय. मी दर हंगामात कलिंगड लावते आणि या पिकावर माझा फार जीव आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी मुख्य गोष्ट सांगते. कलिंगडाची गोडी पानं तयार करतात. फळ फक्त ती साठवतं, आणि गर भरतो तोही शेवटच्या काही आठवड्यांत. केळं किंवा आंबा तोडल्यावरही पिकतो. कलिंगड एकदा वेलावरून काढलं की त्याची गोडी तिथेच थांबते. म्हणून माझी सगळी मेहनत दोन गोष्टींसाठी असते: फळ धरायच्या आधी वेलावर भरपूर पानं असावीत, आणि फळ पिकेपर्यंत ती हिरवी, निरोगी राहावीत. बाकी सगळं यातूनच येतं.

कलिंगड मूळचं आफ्रिकेतलं. प्राचीन इजिप्तमध्ये तूतनखामेनच्या थडग्यातसुद्धा कलिंगडाच्या बिया सापडल्या आहेत. उष्णता आणि लख्ख ऊन हे याच्या रक्तातच आहे. माती हाताला गार लागत असेल तर पेरणीची घाई करू नका. मातीचं तापमान २० अंश सेल्सियसच्या वर स्थिरावलं की पेरा. २५ ते ३५ अंशांत बी सगळ्यात चांगलं उगवतं. ३० अंशांच्या आसपास पाच-सहा दिवसांत कोंब वर येतो, गार मातीत तेच बी दोन आठवडे पडून राहतं आणि बऱ्याचदा कुजतं. साधं बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवलं तर उगवण थोडी लवकर होते. पण औषध लावलेलं रंगीत बी भिजवू नका, औषध धुऊन जातं. खोली दोन सेंटिमीटर पुरे. पेरल्यावर एकदा नीट पाणी द्या आणि मग वाफसा (माती ओलसर पण मोकळी) टिकवा, चिखल करू नका.

ट्रेमध्ये रोपं करायची की थेट जागेवर बी टोकायचं? जागा मोकळी असेल आणि ऊब असेल तर मी थेट टोकते. कलिंगडाच्या मुळांना धक्का अजिबात सोसत नाही. ट्रेमध्ये रोपं केलीच तर दोन-तीन खरी पानं आली की लगेच लावा, आणि मुळांभोवतीचा गोळा फुटू देऊ नका. ट्रेमध्येच तणावे (आधाराला धरणारे दोऱ्यासारखे धागे) फुटायला लागलेलं रोप लावल्यावर बराच काळ रुसून बसतं. कधी कधी बियांची टरफलं टोपीसारखी दलांवर (कोंबाच्या पहिल्या जाड पानांवर) अडकून राहतात. ती ओढून काढू नका, पाण्याचा थेंब लावला की मऊ होऊन आपोआप गळतात.

जमिनीबद्दल फार लिहीत नाही. हलकी, वाळूमिश्रित, पाण्याचा उत्तम निचरा होणारी माती, सामू (pH) साधारण ६ ते ६.८, आणि दिवसभर ऊन. माती भारी असेल तर १५-२० सेंटिमीटर उंच गादीवाफे करा. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. दोन रोपांत ६० ते ९० सेंटिमीटर आणि दोन ओळींत दोन मीटरपर्यंत अंतर हवं. लहान रोपांकडे पाहून हे अंतर जास्त वाटतं, महिन्याभरात कमी वाटायला लागतं. आधीच्या तीन-चार वर्षांत त्याच जागी कलिंगड किंवा इतर वेलवर्गीय पीक घेतलं असेल तर जागा बदला. मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहते, आणि ती लागली की फळं भरायच्या वेळी अख्खा वेल एका बाजूने सुकत जातो. कुंडीत लावायचं असेल तर किमान ४० लिटरची कुंडी घ्या आणि शुगर बेबीसारखी लहान फळाची जात निवडा.

आता खत, कारण तुमच्या वेलांचं बिघडलंय ते बहुधा इथे. नत्र (नायट्रोजन) सुरुवातीला लागतं, पानं वाढवण्यासाठी. पण फुलं दिसायला लागली तरी युरिया किंवा ताजं शेणखत चालूच ठेवलं, तर वेल नुसता माजतो. गर्द हिरवा, लांबच लांब, आणि मादी फुलं उशिरा आणि कमी. फुलं सुरू झाली की नत्राचा हात आखडता घ्या आणि पालाश (पोटॅश) वाढवा. फळ भरण्यात पालाशाचा मोठा वाटा असतो.

फुलं गळतात म्हणून तुम्ही घाबरलात, त्यातली बरीचशी भीती अनाठायी आहे. कलिंगडाला आधी नर फुलं येतात, बारीक देठाची. ती एक दिवस उमलतात आणि गळतात, ते त्यांचं काम आहे. मादी फुलं काही दिवसांनी येतात आणि साधारण सहा-सात नर फुलांमागे एखादंच असतं. पाकळ्यांखाली बोराएवढं, मऊ लव असलेलं इवलंसं कलिंगड दिसलं की ते मादी फूल. ते पिवळं पडून गळत असेल तर मात्र परागीकरण झालेलं नाही असं समजा.

हे फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्याच वेळात मधमाश्यांनी त्याच्यावर बऱ्याच फेऱ्या मारायला हव्यात, कारण मादी फुलातल्या तिन्ही भागांवर भरपूर पराग पडला तरच फळ सगळीकडून सारखं भरतं. एकाच बाजूला पराग पडला तर फळ वाकडं होतं, एका टोकाला निमुळतं राहतं. मधमाश्या दिसत नसतील तर हाताने करा, अवघड नाही. सकाळी लवकर, फुलं उमलल्या उमलल्या, ताजं नर फूल तोडा आणि त्याच्या पाकळ्या मागे वळवा. मधला पिवळा भाग बोटाला लावून बघा, पिवळी पूड लागली म्हणजे पराग तयार आहे. मग तो भाग मादी फुलाच्या मधल्या तिन्ही उंचवट्यांवर हलकेच फिरवा. एका मादी फुलासाठी मी दोन-तीन नर फुलं वापरते. त्याच पेरावर (वेलाच्या त्याच सांध्यावर) रंगीत दोरा बांधा आणि तारीख लिहून ठेवा. ही तारीख तोडणीच्या वेळी सोन्यासारखी उपयोगी पडते.

दोन-चार दिवसांत देठ जाड होऊन खाली वळायला लागतो. फळ कोंबडीच्या अंड्याएवढं झालं आणि अंगावरची लव झडून साल चकाकायला लागली, की ते धरलं म्हणायचं. त्यानंतर ते इतक्या झपाट्याने वाढतं की सकाळ-संध्याकाळ फरक दिसतो. मला या पिकातला हा काळ सगळ्यात आवडतो.

इथे थोडं मन घट्ट करावं लागतं. मुळाजवळ, पहिल्या सात-आठ पानांच्या आत धरलेलं फळ मी काढून टाकते. त्या वेळी वेलावर त्याला पोसण्याएवढी पानं नसतात. ते लहान आणि जाड सालीचं राहतं, वर वेलाची वाढही रोखून धरतं. त्याच्या पुढची फळं ठेवते: मोठ्या जातीच्या वेलावर दोन, लहान फळाच्या जातीवर तीन. पाच-सहा फळं ठेवली तर तीच साखर पाच-सहा ठिकाणी वाटली जाते, आणि तुम्ही म्हणता तसं पाणचट फळ मिळतं. मुख्य वेल आणि दोन जोमदार फांद्या ठेवून बाकीचे फुटवे लहान असतानाच खुडा. फळं धरल्यावर मात्र कात्री बाजूला ठेवा. तेव्हा तोडलेलं प्रत्येक पान फळाच्या तोंडचा घास आहे. वेल उचलून इकडून तिकडे फिरवूही नका. फळाखाली वाळलेलं गवत किंवा फळी ठेवली की ते ओल्या मातीला टेकून कुजत नाही.

पाणी खोलवर आणि नियमित हवं. आठवडाभर कोरडं ठेवून एकदम धो धो पाणी दिलं की फळ तडकतं. पाण्याची अशी ओढाताण झाली की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही आणि टोक काळं पडून सडतं. लोक लगेच कॅल्शियमची फवारणी करायला धावतात. बहुतेक वेळा पाणी नियमित केलं की नवी फळं चांगली येतात. ठिबक असेल तर उत्तम, कारण पानं कोरडी राहतात आणि बुरशी कमी येते. वरून आच्छादन घाला, मग ते गवताचं असो की मल्चिंग पेपरचं. भर दुपारी पानं माना टाकतात, त्याने घाबरून पाणी सोडू नका. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली तर सगळं ठीक आहे. सकाळीही मलूल असतील तर मुळाशी काहीतरी बिघडलंय. तोडणीच्या आधीचे आठ-दहा दिवस पाणी कमी करा, त्याने गोडी वाढते. पण पाणी पूर्ण बंद करू नका. पानं सुकली तर साखर बनायचीच थांबेल.

किडींमध्ये रोप लहान असताना लाल भुंगेरे सगळ्यात वाईट, एका दिवसात दलं चाळून टाकतात. सुरुवातीला रोपांवर बारीक जाळी किंवा क्रॉप कव्हर घाला आणि मादी फुलं दिसली की ते आवरण काढा, नाहीतर मधमाश्या आत येणार कशा? मावा आणि फुलकिडे रस तर शोषतातच, शिवाय विषाणू पसरवतात. शेंडा आखडलेला आणि पानं बारीक, चितकबरी झालेला वेल वाचत नाही, तो उपटून लांब टाका. भुरी (पानांवर पांढरी पूड) आणि केवडा (पानांवर पिवळे डाग) या रोगांसाठी पानं रोज उलटून पाहा, कारण शेवटच्या पंधरवड्यात पानं गेली तर फळ बाहेरून मोठं दिसतं आणि आतून बेचव निघतं. फळमाशी कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते. तिच्यासाठी क्यू ल्युअरचे (नर माश्यांना ओढणाऱ्या आमिषाचे) सापळे लावा, चार फळं असतील तर कागदाने झाका, आणि किडलेली फळं तिथेच पडू देऊ नका. कोणतीही फवारणी संध्याकाळी, फुलं मिटल्यावरच करा.

शेजारी काकडी किंवा भोपळा लावल्याने कलिंगड फिकं होतं, हे तुम्ही ऐकलं असेल तर ते मनातून काढून टाका. त्यांचा एकमेकांशी संकर होतच नाही. दोन जातींची कलिंगडं शेजारी लावली तर संकर होतो, पण त्याचा परिणाम बियांत दिसतो, म्हणजे पुढच्या पिकात. यंदाच्या गराच्या चवीत नाही. बिनबियांची जात मात्र एकटी लावू नका. तिचा स्वतःचा पराग निकामी असतो, त्यामुळे फळ धरायला शेजारी बियांची जात लागतेच.

आता तोडणी. फिकं फळ निघण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे घाई. ज्या पेरावर फळाचा देठ आहे, बरोबर त्याच पेरावरचा तणावा बघा. हिरवा असेल तर फळ कच्चं. अर्धा वाळला असेल तर थोडे दिवस थांबा. देठापर्यंत तपकिरी होऊन वाळला की फळ तयार होत आलं. मग फळ अलगद वळवून जमिनीला टेकलेला डाग पाहा. पांढरट किंवा फिकट हिरवा म्हणजे कच्चं. लोण्यासारखा पिवळा हवा. सालीची चकाकी जाऊन ती थोडी निस्तेज, खरखरीत होते. कच्चं फळ वाजवल्यावर टणटण वाजतं, तयार फळाचा आवाज बसका, डबडब येतो. पण आवाजावर एकट्यावर विसंबू नका, कान तयार व्हायला वेळ लागतो. परागीकरणाची तारीख लिहिलेली असेल तर लहान जातींना ३० ते ३५ दिवस आणि मोठ्यांना ४० ते ४५ दिवस धरा. थंड हवेत थोडे जास्त लागतात. तणावा, डाग आणि तारीख या तिन्हींपैकी किमान दोन जुळल्याशिवाय मी फळाला हात लावत नाही. पहिलं फळ कापून पाहा. त्याला जितके दिवस लागले त्यावरून बाकीच्यांचा अंदाज अचूक येतो.

फळ पिरगळून ओढू नका. धारदार चाकूने दोन-चार सेंटिमीटर देठ ठेवून कापा. भल्या सकाळी फळ पाण्याने टच्च भरलेलं असतं आणि जराशा धक्क्यानेही तडकतं, म्हणून तेव्हा जास्त जपून हाताळा. अख्खं फळ फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. १० ते १५ अंशांत दोन-तीन आठवडे छान राहतं, त्याहून गार जागेत फार दिवस ठेवलं तर चव आणि रंग उतरतो. कापलेलं मात्र झाकून फ्रिजमध्येच ठेवा.

तुमच्या वेलांवर आत्ता फळं असतील तर नत्र लगेच थांबवा, प्रत्येक वेलावर दोनच फळं ठेवा आणि त्यांच्या पेरावरचे तणावे आजच शोधून ठेवा. जात कोणती आहे आणि कोणतं खत किती दिलंत ते खाली लिहिलंत, तर पुढे काय करायचं ते आणखी नेमकं सांगता येईल.