कृषी सल्ला : गवत वाळलंय, मेलेलं नाही

प्रश्न (शिंदखेडा तालुका) : पाऊस तीन आठवडे गायब. बांधावरचं मारवेल गवत आणि बरडावरचं अंजन गवत पिवळं पडलं. दुकानदार म्हणतो, एकरी गोणीभर युरिया फेका, वरून टॉनिक मारा. करू का?

उत्तर : नाही. कोरड्यात युरिया टाकू नका.

आधी एक ठोंब उपटा. पानं कागदासारखी झाली असली, तरी बूड नखाने खरवडल्यावर आत ओलसर, पांढरट-हिरवं दिसलं, तर ते जिवंत आहे. खंड पडला की ही गवतं पानांची सुरळी करतात, खालची पानं वाळू देतात आणि बुडात-मुळात साठवलेल्या अन्नावर तग धरतात. कुसळी गवताचं बी बघा. शेपटाला ओल लागली की पीळ सुटतो, सुकलं की परत बसतो, आणि बी फिरत फिरत भुईत घुसतं. तिला कोणी टॉनिक मारलं होतं?

भुईवर नुसत्या फेकलेल्या युरियाचा काही भाग हवेत उडून जातो. उरलेला पाऊस पडताच गवत घाईने उचलतं, पण वाढ तेवढी होत नाही, म्हणून नायट्रेट देठात साचतं. ते खाऊन जनावर धापा टाकतं, रक्त चॉकलेटी होतं, कधी तासाभरात आडवं होतं. डॉक्टर पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. दुकानदार त्या वेळी गोठ्यात येत नाही. चांगला पाऊस होऊन भुईत ओल बसली, तरच एकरी १५ ते २० किलो द्या. गोणीभर नाही. आणि पाऊस पडल्यावर आठवडाभर त्यात जनावरं सोडू नका.

हीच गत खुरटलेल्या ज्वारीची. तिच्यात विष असतं, फुलोऱ्याआधी चारू नका. ‘थोडी चालते’ असं कोणी म्हटलं तरी नाही.

खरं नुकसान दुष्काळ करत नाही, चराई करते. पहिल्या पावसानंतर फुटलेली कोवळी पालवी ओरबाडली, की साठा संपलेला ठोंब दुसऱ्यांदा फुटत नाही. पुढच्या खंडात तो मरतो आणि तिथे तरोट्याचं तण येतं. आता पावसाचे खंड लांबत चाललेत, तेव्हा माळाचे तीन तुकडे करा आणि एक तुकडा बी झडेपर्यंत बंद ठेवा. कापताना चार बोटं बूड सोडा, भुईसपाट कापू नका. गुराख्यांना हे पटत नाही, मी दरवर्षी भांडतो.

बांधावर मारवेलच्या ‘फुले मारवेल ०६-४०’ या सुधारित जातीचे ठोंब लावा, पण जुलैत, ओल असताना. आता नको, वाळतील. अंजनाचं बी किमान सहा महिने जुनं घ्या. ताजं बी झोपलेलं असतं, ‘उगवण वाढवणारी’ बाटली घेऊन ते जागं होत नाही.

वैरण बियाण्याच्या अनुदानासाठी सातबारा आणि आधार घेऊन पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात जा. निधी असेल तर मिळेल.