तुझा शॉट संपल्यावर

पोरी, अनेक आशीर्वाद.

परवा शॉट ओके झाला तरी तू व्हॅनिटीत गेली नाहीस. मेकअप न उतरवता मॉनिटरमागे उभी राहून कुठली लेन्स लावलीय ते विचारत होतीस. रात्री मेसेज आला, 'सर, अभिनय सोडून दिग्दर्शनात येऊ का?' यावं जरूर. सोडायचं मात्र कशाला?

तेलुगूतल्या विजया निर्मला तुला माहीत आहेत का? आपल्या पांडुरंगावर तिकडे १९५७ साली 'पांडुरंग महात्म्यम्' निघाला, एन. टी. रामाराव पुंडलिक. त्यात छोटा कृष्ण झालेली पोर ती हीच. पुढे नायिका झाली आणि कामं मिळत असतानाच १९७३ मध्ये तेलुगूत 'मीना' दिग्दर्शित केला. यद्दनपूडी सुलोचनाराणींची कादंबरी, नायक नवराच, म्हणजे कृष्णा, आणि नायिका स्वतः. गोष्ट वाचकांनी आधीच पारखलेली, नट घरचा. तेलुगूतल्या पहिल्या खेपेला एवढा आधार घेण्यात कसला कमीपणा? तू तर पहिल्याच स्क्रिप्टमध्ये तीन पिढ्या आणि महापूर आणलायस!

पुढच्याच वर्षी बाईंनी 'देवदासु' केला. नट अक्किनेनी नागेश्वर रावांचा १९५३ चा 'देवदासु' लोकांच्या मनात पक्का बसलेला. नवा चालला नाही. मला त्यांचं कौतुक वाटतं ते इथं. एवढं तोंडावर पडून बाई पुन्हा सेटवर हजर. २००२ मध्ये गिनेसनं नोंद घेतली तेव्हा दिग्दर्शित सिनेमांचा आकडा होता ४४. सगळेच बघण्यासारखे आहेत असं काही मी म्हणणार नाही, पण हात बसतो तो असा.

आता पैशाचं. तेलुगू-तमिळमधली सावित्री केवढी मोठी नटी! १९७१ मध्ये तमिळमध्ये 'प्राप्तम्' स्वतःच काढला, स्वतःच दिग्दर्शित केला. पडला, आणि तोटा सगळा त्यांच्याच पदरात. तेव्हा आईचा फ्लॅट गहाण टाकायची भाषा पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस. महापूर राहू दे. तुझ्या आजीच्या खोलीतला तो एकच प्रसंग आहे ना, पाच पानांचा? तो दोन दिवसांत शूट होईल, कॅमेरा मी मागून आणतो.

उद्याचा तुझा कॉलटाइम नऊचा आहे, तरी सहाला ये. क्लॅप देणारा पोरगा गावी गेलाय.