बॅटमॅन ही पूर्णपणे नवी कल्पना होती का?

नाही. १९३९ मध्ये बॉब केन आणि बिल फिंगर यांनी बॅटमॅन निर्माण केला, तेव्हा दिवसा निरुद्योगी भासणारा धनिक आणि रात्री मुखवटा चढवून अन्यायाशी लढणारा वीर हा साचा १९१९ मधील झोरो या कथानायकामुळे वाचकांच्या परिचयाचा झालेला होता. त्याच्याही आधी स्कार्लेट पिम्पर्नेल हा कथेतील इंग्रज उमराव बावळटपणाचे सोंग घेऊन फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटिनच्या छायेतील लोकांना सोडवत असे. उसनवारी केवळ साच्यापुरतीच नव्हती: बॅटमॅनच्या पहिल्याच कथेचे कथानक ‘द शॅडो’ या नायकाच्या १९३६ मधील कथेवरून घेतलेले होते. पुढील कॉमिक्समध्ये, आईवडिलांची हत्या झाली त्या रात्री लहानगा ब्रूस, म्हणजे पुढचा बॅटमॅन, झोरोचाच चित्रपट पाहून परतत होता, असे दाखवले गेले. ऋण मान्य करण्याची ही रीत मला लोभस वाटते.