टेस्ट सगळ्या पास, मग लॉगमध्ये हे काय?

प्रश्न: ताई, मी ऐरोलीला सेल्फ ड्रायव्हिंग गाडीच्या सॉफ्टवेअर टीममध्ये आहे, दीड वर्ष झालं. सिम्युलेशनच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खोट्या रस्त्यावरच्या, टेस्ट पास झाल्या की आमचं नवं सॉफ्टवेअर रिलीज होतं. परवा लॉग, म्हणजे सिस्टीमने स्वतः केलेली नोंद, बघताना दिसलं की हातगाडी ढकलणाऱ्या माणसाला सिस्टीम आधी गाडी म्हणते, मग माणूस, मग परत भलतंच काहीतरी. लीड म्हणाले गाडी थांबली ना, मग सोड. सोडू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: अजिबात सोडू नकोस. १८ मार्च २०१८ ला अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या टेस्टिंगच्या गाडीने रात्री रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं, ती गेली. ती सायकल हातात धरून चालत होती. सरकारी चौकशीत निघालं की सिस्टीमला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती, पण लेबल सारखं बदलत राहिलं, कधी गाडी, कधी सायकल, आणि दर वेळी लेबल बदललं की आधीची हालचाल हिशोबातून बाद, म्हणजे ती कुठे निघालीये हे सिस्टीमला कळायचंच नाही. वर झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस मधूनच रस्ता ओलांडेल हे सॉफ्टवेअरमध्ये धरलेलंच नव्हतं. आता दादर स्टेशनच्या बाहेर पाच मिनिटं उभा राहा आणि सांग, आपल्याकडे झेब्रावरून कोण जातं? चर्चगेटला डबे लटकवलेली सायकल ढकलत नेणारा डबेवाला, त्याला तुमची सिस्टीम काय म्हणेल?

म्हणून लेबल चुकलं तरी चालेल, पण समोर काहीतरी आहे आणि ते आपल्या लेनकडे सरकतंय हे विसरता कामा नये, ट्रॅकची हिस्ट्री, म्हणजे ती वस्तू आतापर्यंत कशी सरकली याची नोंद, लेबलला बांधूच नका. गाडी थांबली हे त्या दिवसाचं नशीबही असू शकतं, वेग थोडा जास्त असता तर?

सोमवारी गेल्या गेल्या लॉगचा तो तुकडा कापून ठेव, तिकीट टाक (टीमच्या यादीत ही चूक नोंदव), आणि त्याची अशी टेस्ट लिही की जी आजच्या कोडवर फेल होईल. पास-फेल गाडी थांबली की नाही यावर नको, लेबल बदललं तरी ट्रॅक टिकला का यावर ठेव. मग तोच तुकडा सिम्युलेशनमध्ये अंधारात, पावसात, वेग वाढवून चालवून बघ. ती टेस्ट दर रिलीजला चालली पाहिजे, कोणी कंटाळून काढली तर कारण लेखी माग. लीडशी भांडू नकोस, फेल झालेली टेस्ट समोर ठेव. ते काय म्हणाले ते मला कळव.