गरीब माणूस मानसिकतेमुळे गरीब राहतो की परिस्थितीमुळे?

परिस्थितीमुळे. मानसिकतेचा वाटा आहे, पण तो नेमका कुठे लागतो ते पुढे येईल.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की ‘गरिबांना बचतीची सवय नसते’ असं एका व्याख्यानात ऐकलं आणि आता स्वतःची मानसिकता बदलायची आहे. या वाक्याशी माझं जुनं वैर आहे. ते म्हणणाऱ्यांपैकी रोजच्या व्याजाचा हिशेब मांडलेला माणूस मला अजून भेटायचाय.

सकाळी सावकाराकडून 100 रुपये उचलायचे, माल भरायचा, संध्याकाळी 105 परत करायचे. बाजारातल्या कित्येक विक्रेत्यांचा धंदा याच चक्रावर चालतो. समजा रोज 5 बाजूला टाकले, दुसऱ्या दिवशी उसनवारी तेवढीच कमी केली आणि वाचलेलं व्याजही त्याच पेटीत टाकलं, तर 15 दिवसांत सावकाराची गरज संपते. वाचलेलं व्याज खर्चून टाकलं तर 20 दिवस. व्याख्याते इथे टाळ्या घेऊन खाली बसतात.

आता नववा दिवस बघा. पेटीत साधारण 55 जमलेत आणि घरात कुणीतरी तापाने फणफणलंय. औषधपाण्यात 55 गेले, त्या दिवशीची विक्रीही बुडाली. दहाव्या दिवशी सकाळी पुन्हा पूर्ण 100 उचलायचे. म्हणजे ही योजना सलग 15 दिवस काहीही बिघडलं नाही तरच चालते. ज्याच्या घरात काही ना काही बिघडतच असतं, त्याला हे गणित समजत नाही असं नव्हे. त्याने ते करून पाहिलेलं असतं.

डीन कार्लन, सेंधिल मुल्लईनाथन आणि बेंजामिन रॉथ या अर्थशास्त्रज्ञांनी भारतात आणि फिलिपाइन्समध्ये विक्रेत्यांचं असं महागडं कर्ज फेडून टाकून पाहिलं. बरेचसे पुन्हा कर्जात गेले. ‘बघा, सवयच ती!’ म्हणणाऱ्यांना हा प्रयोग फार आवडतो. माझं वाचन उलटं आहे: कर्ज शून्यावर आलं तरी गंगाजळीही शून्यच होती, मग पहिल्या अडचणीला दुसरं काय होणार?

विचारशक्तीचंही तेच. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा 2013 सालचा अभ्यास आहे. त्याच शेतकऱ्यांनी त्याच प्रकारच्या चाचण्या कापणीआधी, हात तंग असताना, वाईट सोडवल्या आणि पैसे आल्यावर चांगल्या. माणूस तोच, मेंदू तोच.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार होणाऱ्यांसाठी ठीक. रोजंदारीवाल्याच्या अंथरुणाची लांबी रोज बदलते. म्हणून कमाई अनियमित असेल तर वर्षाची सरासरी धरू नका, सगळ्यात वाईट महिना धरून हप्ते ठरवा. हप्ता चुकतो तो फक्त रक्कम मोठी म्हणून नाही, तर हप्त्याची तारीख आणि पैसे हातात येण्याची तारीख जुळत नाही म्हणूनही. कर्ज घेतानाच तारीख बदलून मागा.

दुसरं, पेट्या दोन ठेवा. वरच्या हिशेबात रोजचे अडीच मालाच्या पेटीत (वाचलेलं व्याज तिथेच), अडीच अडचणीच्या. 15 ऐवजी 23 दिवस लागतील, पण तोवर अडचणीच्या पेटीत 57 जमलेले असतील. नुसत्या व्याजाच्या हिशेबाने हा तोट्याचा सौदा आहे. तरी करा, कारण ताप आला की मालाची पेटी फोडावी लागणार नाही.

आता माझ्याच विरोधातला पुरावा. टोगो देशात सुमारे 1500 छोट्या व्यावसायिकांवर प्रयोग झाला, निष्कर्ष 2017 साली आले. पुढाकार घेण्याची वृत्ती शिकवलेल्यांचा नफा सुमारे 30 टक्क्यांनी वाढला. हिशेब-विपणन शिकवणाऱ्या पारंपरिक वर्गाचा म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे वृत्ती शिकवता येते आणि तिचा फायदाही होतो, हे मला मान्य करावंच लागतं. फक्त हे विसरू नका की त्या सगळ्यांचा धंदा आधीच चालू होता. बांगलादेशात अत्यंत गरीब बायकांना गुरं वगैरे मत्ता दिली, तेव्हा एका ठरावीक पातळीच्या वर पोचलेल्या पुढे सरकत राहिल्या आणि खाली राहिलेल्या पुन्हा घसरल्या.

तेव्हा मानसिकता नंतर बदला, आधी दुसरी पेटी ठेवा. आणि ते व्याख्याते पुन्हा भेटले तर नवव्या दिवशीचे 55 कुणी भरायचे, तेवढं विचारून घ्या.